साठी, बुद्धी आणि स्मृतिभ्रंश

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मराठी घरांत इतकी रुळलेली आहे की ती केवळ म्हण आहे, रोगाचे निदान नव्हे, याचे भान कोणास राहत नाही. घरातील वडीलधारे माणूस एकच प्रश्न दहा वेळा विचारू लागले, जेवून उठल्यावर ‘मला कोणी वाढलेच नाही’ म्हणून रुसले, किंवा पोटच्या मुलीस ‘आपण कोणाकडच्या?’ असे विचारू लागले, म्हणजे भोवतालची मंडळी ही म्हण उच्चारतात आणि प्रकरण तेथेच मिटते. वैद्यास बोलावण्याचे प्रयोजन उरत नाही. कारण म्हणीने निकाल अगोदरच देऊन टाकलेला असतो. या निकालाची वैद्यकशास्त्राने जी फेरतपासणी चालविली तिला आता सव्वाशे वर्षे होत आली. तिचा आरंभ जर्मनीत झाला. परंतु तिचा सर्वांत अवघड भाग भारताच्या खेड्यापाड्यांतून चालू आहे, आणि म्हणून हा इतिहास हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरीसारख्या गावात उभे राहून पाहिला तर अधिक स्पष्ट दिसतो.

कळमनुरी हे हिंगोलीहून नांदेडकडे जाणाऱ्या वाटेवरील तालुक्याचे गाव. पैनगंगेच्या अलीकडचा हा मुलूख. नदी ओलांडली की विदर्भ लागतो. मराठी, दखनी वळणाची उर्दू आणि बंजाऱ्यांची गोरमाटी या तिन्ही बोली येथील बाजारात कानी पडतात. तालुक्यात आंध या आदिवासी जमातीची वस्ती असून आदिवासी विकास प्रकल्पाची कचेरीही याच गावी आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निझामाच्या राज्यात परभणी जिल्ह्यात मोडत असे. १९५६ साली तो मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्रात आला, आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा निराळा झाला तेव्हा त्या जिल्ह्यात गणला जाऊ लागला. म्हणजे आज नव्वदीच्या घरात असलेल्या येथील माणसाने आपला उंबरठा न सोडता राज्ये बदललेली पाहिली आहेत. या पिढीतील पुष्कळांची जन्मतारीख कोठे नोंदलेली नाही. वय विचारले तर ‘रझाकाराच्या वेळी गुरे राखीत होतो’, ‘बहात्तरच्या दुष्काळात थोरला पाच वर्षांचा होता’, अशा खुणांवरून ते काढावे लागते. स्मरणशक्ती हेच ज्यांचे दप्तर, त्यांच्या स्मरणशक्तीस होणाऱ्या रोगाची ही हकीकत आहे, ही गोष्ट आरंभीच ध्यानात ठेविलेली बरी.

१९४१ ते १९५१ या दशकात भारतात जन्मणाऱ्या मुलाचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. आज ते ७० च्या आसपास आहे. यावरून पूर्वी म्हातारी माणसे नव्हतीच असे मात्र समजू नये. ती सरासरी मुख्यतः बालमृत्यूंनी खाली ओढलेली होती, आणि बाळपण निभावून नेलेली माणसे साठी-सत्तरी गाठीतही असत. तथापि त्यांची संख्या थोडी होती. १९५१ च्या शिरगणतीत साठीच्या पुढची माणसे शंभरात पाच-सहा भरली. २०११ च्या शिरगणतीत ती शंभरात साडेआठांवर गेली, आणि एकूण आकडा दहा कोटींच्या वर चढला. जो विकार एखाद्या गावात एखाददुसऱ्या घरी दिसावयाचा, तो आता आळीआळीतून दिसू लागणार हे उघड आहे.

वार्धक्य आणि रोग यांतील सीमारेषा कोठे ओढावी हा प्रश्न आपल्या जुन्या वैद्यांनाही पडलेला होता. सुश्रुतसंहितेत व्याधींचे जे सात वर्ग केले आहेत त्यांत शेवटचा वर्ग स्वभावतःच येणाऱ्या गोष्टींचा असून तहान, भूक, निद्रा आणि मृत्यू यांच्याबरोबर जरेचीही गणना त्यात केलेली आहे. परंतु ग्रंथकार तेवढ्यावर थांबत नाही. या स्वाभाविक गोष्टीही दोन प्रकारच्या, एक वेळेवर येणाऱ्या आणि दुसऱ्या अवेळी येणाऱ्या, असा भेद तो करतो. अकाली आलेली जरा वैद्याच्या विचारास पात्र, वेळेवर आलेली नव्हे, असा या भेदाचा आशय. ही मांडणी फार मार्मिक आहे. आणि गमतीची गोष्ट अशी की विसाव्या शतकातील युरोपीय वैद्यकाने नकळत हाच भेद पुन्हा उभा केला व त्यातच ते पन्नास-साठ वर्षे अडकून पडले.

२५ नोव्हेंबर १९०१ रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराच्या मनोरुग्णालयात आउगुस्टे नावाची एक स्त्री दाखल करण्यात आली. तिचे वय ५१ वर्षे; नवरा रेल्वेच्या कचेरीत कारकून. ही पूर्वी नीटनेटकी, कामसू गृहिणी होती. प्रथम तिला नवऱ्याविषयी संशय येऊ लागला, मग स्वयंपाकात चुका होऊ लागल्या, वस्तू कोठे तरी लपवून ठेवावयाच्या आणि मग शोधीत बसावयाचे असे चालले, आणि शेवटी शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही ती कटकट वाटू लागली. तिची तपासणी करणारे डॉक्टर आलोइस आल्झायमर हे तेव्हा सदतीस वर्षांचे होते. त्यांनी तिच्याशी झालेली प्रश्नोत्तरे शब्दशः टिपून ठेविली. नाव विचारले तेव्हा तिने ‘आउगुस्टे’ असे सांगितले. आडनाव विचारले तेव्हाही ‘आउगुस्टे’. आणि नवऱ्याचे नाव विचारले तेव्हा जरा विचार करून ‘बहुधा आउगुस्टेच’ असे उत्तर दिले. ताटात फ्लॉवरची भाजी व मांस असता आपण पालक खात आहो असे ती म्हणाली. तिला स्वतःचे नाव लिहावयास सांगितले तर पहिला शब्द लिहून ती थांबे. पुढे काय लिहावयाचे तेच ती विसरून जाई. मधूनच ती असेही म्हणे की आपण आपल्यालाच हरवून बसलो आहो. रोगाचे इतके नेमके वर्णन पुढे कोणा वैद्याला साधले असेल असे वाटत नाही.

आउगुस्टे ८ एप्रिल १९०६ रोजी वारली. अखेरीस ती अंथरुणाला खिळली होती, पाय पोटाशी आखडले होते, अंगाला शय्याव्रण पडले होते. आल्झायमर तोपर्यंत म्युनिकला गेले होते. परंतु ते या बाईस विसरले नव्हते. त्यांनी तिचा मेंदू मागवून घेतला. त्या सुमारास माक्स बील्शोव्स्की याने चांदीच्या क्षारांनी मज्जापेशी रंगविण्याची नवी रीत काढलेली होती. ती योजून मेंदूचे पापुद्रे सूक्ष्मदर्शकाखाली धरले तेव्हा दोन विलक्षण गोष्टी दृष्टीस पडल्या. पेशींच्या आत जाड, काळ्या तंतूंची गुंतवळ झालेली होती. कित्येक ठिकाणी तर पेशी नष्ट होऊन केवळ तिची गुंतवळ मागे राहिली होती. पेशींच्या बाहेर, सर्व मेंदूभर, कसल्या तरी पदार्थाचे बारीक बारीक डाग साचलेले होते. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेन येथे मनोविकारतज्ज्ञांच्या सभेत आल्झायमर यांनी हे सर्व सांगितले. सभेत एकानेही प्रश्न विचारला नाही.

याच वेळी प्राग येथे ओस्कार फिशर हा वैद्य म्हाताऱ्या, बुद्धिभ्रष्ट रोग्यांचे मेंदू तपासीत होता. त्याने सोळा मेंदू पाहिले आणि त्यांतील बारांत तेच डाग शोधून काढले. हे त्याने १९०७ साली प्रसिद्ध केले. हे रोगी पन्नाशीतले नव्हते, खरोखर वृद्ध होते. म्हणजे पन्नाशीतील स्त्रीच्या मेंदूत जे दिसले तेच वृद्धांच्या मेंदूतही दिसत होते, आणि दोन्ही ठिकाणी रोग एकच असावा असा तर्क त्याच वेळी बांधता आला असता. परंतु म्युनिकचे मुख्य आचार्य एमिल क्रेपेलिन यांनी १९१० साली आपल्या पाठ्यपुस्तकात या विकारास ‘आल्झायमरचा रोग’ असे नाव दिले ते तो अकाली येणारा, दुर्मिळ विकार म्हणून. साठी उलटल्यावर जे बुद्धिमांद्य येते ते निराळे, ते वयाचेच, अशी समजूत त्यामुळे कायम झाली. अवेळी आलेली जरा वैद्याकडे गेली. वेळेवर आलेली म्हणीकडेच राहिली. आल्झायमर १९१५ साली वारले. फिशरचे नाव तर पुढे जवळजवळ पुसूनच गेले. ज्यू असल्यामुळे नाझींनी त्यास पकडले आणि १९४२ साली तुरुंगात त्याचा अंत झाला.

ही कोंडी फुटावयास १९६८ साल उजाडावे लागले. इंग्लंडातील न्यूकॅसल येथे ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ या तिघांनी वृद्ध माणसांची बुद्धी हयातीत मोजून ठेविली आणि मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूतील डाग मोजले. बुद्धीचा ऱ्हास जितका अधिक, तितके डाग अधिक असे दिसून आले. पुढे १९७६ साली अमेरिकेतील रॉबर्ट कॅट्झमन यांनी उघड लिहिले की पन्नाशीतला आल्झायमर आणि ऐंशीतला बुद्धिभ्रंश हे बहुतांशी एकच होत, आणि तसे असेल तर हा दुर्मिळ रोग नसून मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक होय. त्या दिवसापासून ‘साठी बुद्धी नाठी’ हे वैद्यकाच्या पुस्तकातून तरी बाद झाले. साठी आली म्हणून बुद्धी जात नाही. साठीनंतर रोग जडला तर जाते. वयपरत्वे नाव आठवावयास क्षणभर लागणे निराळे, आणि त्या नावाचा माणूस आपल्या कोण हेच न उमगणे निराळे.

त्या डागांतील पदार्थ कोणता हे १९८४ साली ग्लेनर आणि वाँग यांनी ओळखले. त्यास बीटा-अमायलॉइड म्हणतात. तो एका मोठ्या प्रथिनाचा तुटलेला तुकडा होय. पेशींच्या आतील गुंतवळ टाऊ नावाच्या प्रथिनाची. निरोगी पेशीत टाऊ हे आतल्या वाहतुकीच्या रुळांस आधार देते. रोगात ते रुळांवरून सुटून आपसांत पिळून बसते, आणि पेशीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारा माल अडून पडतो. जर्मनीतील हाइको आणि एव्हा ब्राक या दांपत्याने १९९१ साली दाखविले की ही गुंतवळ मेंदूत वाटेल तशी पसरत नाही. ती कानशिलाच्या आतल्या बाजूस, नव्या आठवणी ज्या वाटेने मेंदूत शिरतात तेथे प्रथम दिसते, मग समुद्रघोड्याच्या आकाराच्या हिप्पोकॅम्पस या भागात जाते, आणि तेथून मेंदूच्या इतर पृष्ठभागावर पसरते. हालचालीचा आणि दृष्टीचा मूळ भाग ती पुष्कळ उशिरा गाठते. हे सर्व चालू असता मेंदूची घडी सैल होते, घड्यांमधील खाचा रुंदावतात, आतील पोकळ्या फुगतात आणि मेंदू वजनाने हलका होत जातो. याचा आरंभ लक्षणे दिसण्यापूर्वी पंधरा-वीस वर्षे झालेला असतो असे आता मानतात. म्हणजे जो मनुष्य सत्तरीत विसरू लागला, त्याचा रोग पन्नाशीतच घरात शिरून बसलेला होता.

या क्रमावरूनच एक गोष्ट उलगडते, जी पाहून घरची माणसे नेहमी फसतात. वृद्ध गृहस्थास सकाळी कोण भेटून गेले हे सांगता येत नाही. परंतु १९४८ साली रझाकारांच्या भीतीने कोणत्या रानातून कोणाच्या बैलगाडीतून पळून गेलो हे तो खडान्खडा सांगतो. ऐकणारे म्हणतात, ‘आजोबांची स्मरणशक्ती आमच्याहून तल्लख आहे; बाकीचे सोंग.’ वस्तुतः ज्या दारातून नवी आठवण आत यावयाची ते दार रोगाने मोडलेले असते, आणि फार पूर्वी आत जाऊन मेंदूभर पांगलेली आठवण अद्याप शाबूत असते. नवे आधी जाते, जुने मागाहून, हा नियम फ्रान्समधील रिबो याने १८८१ सालीच सांगून ठेविला होता. त्याच्या काळी मेंदूतील कारण ठाऊक नव्हते इतकेच.

आता शरीराकडे वळले पाहिजे. कारण हा रोग केवळ डोक्याचा आहे ही समजूतही तितकीच चुकीची आहे. कळमनुरीकडील घरात आजीबाईंविषयी पहिली तक्रार पुष्कळदा विस्मरणाची नसतेच. ‘अंग उतरले’, ‘हाडे निघाली’, ‘चोळी ढगळ झाली’ अशी ती असते. कित्येक रोग्यांचे वजन निदान होण्यापूर्वीच घटू लागलेले असते, आणि हाताच्या मुठीचा जोर कमी होत जाणे व बुद्धी मंदावत जाणे या दोन गोष्टी बरोबरीने चालतात असे अनेक देशांतील पाहण्यांतून दिसून आले आहे. वयाच्या तिशीनंतर प्रत्येक दशकात माणसाचे स्नायू थोडेथोडे झडतच असतात, आणि साठीनंतर तो वेग वाढतो. या वार्धक्यातील स्नायुक्षयास अमेरिकेतील अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली ‘सार्कोपेनिया’ हे नाव दिले. स्मृतिभ्रंशाच्या रोग्यात हा क्षय अधिक असतो. त्याची कारणे एकात एक गुंतलेली आहेत. वासाची जाणीव रोगाच्या आरंभीच मंद होते, म्हणून अन्नाची गोडी जाते. जेवलो की नाही हे आठवत नाही, म्हणून कधी दोनदा मागितले जाते आणि कधी एकदाही नाही. बाहेर जाऊन वाट चुकेल या भयाने घरचे लोक त्यास बसवून ठेवितात. आणि जो बसला त्याच्या मांड्या झडल्या. मांड्या झडल्या की तोल जातो, पडणे होते, खुब्याचे हाड मोडते, आणि अंथरूण धरले की उरलेले स्नायूही थोड्या आठवड्यांत वितळतात.

तथापि बळ जाणे आणि हातोटी जाणे यांत भेद आहे. जन्मभर भाकरी थापलेल्या बाईच्या हातांत जोर असतो, पीठ समोर असते, तवा तापलेला असतो. परंतु आधी पाणी घालावयाचे की आधी थापावयाचे हा क्रमच तिच्या मेंदूतून निसटलेला असतो. नऊवारी लुगड्याचा कासोटा घालणे, धोतर नेसणे, बैलाच्या गळ्याची गाठ सोडणे, ही कामे हात करतात असे वाटते; खरोखर ती मेंदू करतो, हात केवळ हुकूम पाळतात. हुकूम चुकला म्हणजे धडधाकट मनुष्यही बाह्यांत पाय घालू लागतो. घरच्यांस तो हट्ट वाटतो, आणि काही घरांत त्याबद्दल वृद्धास बोलणी बसतात, क्वचित मारही बसतो. शेवटच्या अवस्थेत गिळण्याचा हुकूमही चुकू लागतो. घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेकडे उतरतो, फुफ्फुसास सूज येते, आणि पुष्कळ रोग्यांचा अंत त्या न्यूमोनियाने होतो. मृत्यूच्या दाखल्यावर ‘वार्धक्य’ किंवा ‘न्यूमोनिया’ असे लिहिले जाते. रोगाचे नाव कागदावर येतच नाही.

कागदावर नाव न येण्याचा हा दोष केवळ दाखल्यापुरता नव्हता. शास्त्रीय मोजणीतही तो शिरला होता. हरियाणातील बल्लभगड भागात १९९० नंतरच्या दशकात भारतीय व अमेरिकन संशोधकांनी मिळून पंचावन वर्षांवरील ५,१२६ ग्रामस्थांची पाहणी केली. १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पासष्टीपुढील शंभरात केवळ १.३६ जणांस स्मृतिभ्रंश. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण याच्या कित्येक पट. मुंबईत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ते २.४४ निघाले. जगभर आश्चर्य झाले. भारतीय खेडुतास हा रोग होतच नाही की काय? मग कारणे शोधण्याची चढाओढ लागली, आणि त्या चढाओढीत हळद पुढे आली.

हळदीचा विषय निघाला म्हणजे हिंगोली जिल्ह्याने कान टवकारणे साहजिक आहे. येथील बाजारपेठ हळदीवर उभी आहे, आणि शेजारच्या वसमतच्या हळदीस भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. २००१ साली अमेरिकेत उंदरांवर केलेल्या प्रयोगात हळदीतील पिवळ्या द्रव्याने, कर्क्युमिनने, मेंदूतील अमायलॉइड कमी झाल्याचे आढळले. भारतीय लोक रोज हळद खातात, भारतीय लोकांत रोग कमी, उंदराचा मेंदू सुधारला: तिन्ही कड्या जुळल्या आणि जाहिरातदारांचे दिवस पालटले. परंतु मनुष्यावर प्रयोग झाले तेव्हा, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातील चाचणीत, रोग्यांच्या बुद्धीत काहीही फरक पडला नाही. कर्क्युमिन पोटातून रक्तात फारच थोडे उतरते हे त्याचे एक कारण. हळद भाजीत असावी, भावही चांगला मिळावा. तिच्यावर स्मृतीचा भार घालू नये.

पण हळद सोडली तरी मूळचा आकडा राहतोच. त्याचे रहस्य दहा-सहासष्ट या नावाच्या आंतरराष्ट्रीय संशोधक-गटाने उकलले. जगातील स्मृतिभ्रंशाचे शेकडा ६६ रोगी गरीब देशांत असता संशोधनाचा शेकडा १० भागही तेथे होत नाही, यावरून हे चमत्कारिक नाव घेतलेले आहे. २००८ साली त्यांनी वेल्लोरजवळच्या खेड्यांचा आकडा प्रसिद्ध केला. अमेरिकन मनोविकार-संघाचा रूढ निकष लावला तर पासष्टीपुढील शंभरात ०.३, म्हणजे हजारात तीन रोगी! त्याच लोकांस या गटाचा स्वतःचा निकष लावला तर मात्र, त्यांनी जेथे जेथे पाहणी केली त्या सर्व देशांत, प्रमाण शंभरात ५.६ च्या खाली कोठेच आले नाही. माणसे तीच, विस्मरण तेच. केवळ गाळणीची छिद्रे बदलली.

गाळणीतून हे रोगी निसटत होते ते कसे? रूढ निकषाची अट अशी की विस्मरणामुळे मनुष्याच्या नित्याच्या कामांत अडथळा आला पाहिजे, आणि घरच्यांनी तसे सांगितले पाहिजे. शहरात एकट्या राहणाऱ्या वृद्धास बँकेचा हिशेब, विजेचे बिल, औषधाच्या वेळा सांभाळाव्या लागतात. चूक झाली की ती चव्हाट्यावर येते. कळमनुरीकडील वाड्यात ऐंशी वर्षांच्या आजोबांकडून काय अपेक्षा असते? ओट्यावर बसावे, नातवाला हाक मारावी, ताट आले की जेवावे. पैसा थोरल्याच्या हाती, स्वयंपाक सुनेच्या. ज्याच्याकडे काम नाही त्याचे काम बिघडत नाही, आणि ‘नीट चालले आहे ना?’ या प्रश्नाला सून ‘हो, वयाप्रमाणे आहे’ असे उत्तर देते. आदराच्या पोटात रोग लपून राहतो. तीच सून रात्री तीनदा उठून दाराची कडी लावते, कारण आजोबा ‘घरी जायचे’ म्हणून निघालेले असतात. पण ही गोष्ट ती पाहणीवाल्यास सांगत नाही, कारण ती रोगाची गोष्ट आहे असे तिला वाटत नाही.

परीक्षेच्या प्रश्नांची अडचण याहून निराळी आणि उलट बाजूची. १९७५ साली अमेरिकेत फोलस्टीन दांपत्य व मॅक्ह्यू यांनी तीस गुणांची जी छोटी परीक्षा तयार केली, तीत आजची तारीख सांगा, शंभरातून सातसात वजा करीत जा, एक वाक्य लिहा असे प्रश्न असतात. जो शाळेत गेला नाही तो यांत निरोगी असूनही नापास होणार. म्हणून बल्लभगडच्या संशोधकांनी हिंदीत निराळी परीक्षा बसविली आणि लिहिण्या-वजाबाकीऐवजी ग्रामस्थांच्या व्यवहारातील प्रश्न घातले. कळमनुरीच्या म्हाताऱ्याला इंग्रजी महिन्याची तारीख विचारून काही निष्पन्न होणार नाही. आठवड्याचा बाजार झाला की व्हावयाचा आहे, मृग लागला का, पोळ्याला किती दिवस राहिले, हे त्यास विचारले तर त्याच्या बुद्धीचे खरे माप मिळेल. मुसलमान वृद्धास रमजान आणि बंजारा वृद्धेस तीज विचारावी लागेल.

शाळेचा संबंध परीक्षेपुरताच असता तर तो प्रश्न सुधारून सुटला असता. परंतु शाळा मेंदूतही शिरलेली आहे. कॅट्झमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांस १९८८ साली काही वृद्धांच्या मेंदूत भरपूर डाग सापडले, पण ती माणसे अखेरपर्यंत शहाणी वागत होती; त्यांचे मेंदू मुळात मोठे व अधिक मज्जापेशींचे होते. मेंदूजवळ काही शिल्लक असते आणि ती असेल तर रोगाची झीज पुष्कळ काळ सोसता येते, ही कल्पना तेथून दृढ झाली. लहानपणीचे शिक्षण ही त्या शिलकीतील मोठी रक्कम होय. १९५१ च्या शिरगणतीत हैदराबाद राज्यात शंभरात दहा माणसेही साक्षर नव्हती, आणि स्त्रियांत तर त्याहून फार कमी. वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू, शाळा तालुक्याच्या गावी, आणि मुलींनी तेथवर जाण्याची वहिवाट नाही. विलीनीकरणानंतर शाळा निघू लागल्या खऱ्या, पण गुरे राखणाऱ्या पोरास व धाकटे भावंड काखोटीला घेतलेल्या पोरीस त्या पुष्कळदा उशिरा लाभल्या किंवा लाभल्याच नाहीत. ती पोरे-पोरी आज ऐंशीच्या पुढे आहेत. जे राज्य १९४८ साली संपले त्याने न बांधलेल्या शाळेची उणीव त्यांच्या मेंदूत अद्याप शिल्लक आहे.

याचा पडताळा देशव्यापी पाहणीत मिळाला. दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्या पुढाकाराने साठीवरील चार हजारांहून अधिक माणसांची बारकाईने तपासणी झाली, घरच्या माणसांच्या मुलाखती वेगळ्या घेतल्या गेल्या, आणि २०२३ साली अंदाज प्रसिद्ध झाला: साठीपुढील शंभरात ७.४, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख रोगी. पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक. शहरांपेक्षा खेड्यांत अधिक. यांतील सर्वच आल्झायमरचे नव्हेत. रक्तवाहिन्यांच्या विकाराने आणि इतर कारणांनीही स्मृतिभ्रंश होतो, परंतु अर्ध्याहून पुष्कळ अधिक आल्झायमरचे असतात. बल्लभगड आणि ही पाहणी यांच्या रीती निराळ्या असल्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करणे रास्त नाही. इतके मात्र खरे की खेडूत या रोगापासून सुरक्षित आहे ही गोड समजूत त्या दिवशी संपली.

मराठी समाजापुढे हा विषय पुस्तकांपेक्षा पडद्याने अधिक आणला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २०१३ सालच्या ‘अस्तु’ या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली. आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. पंडित हत्तीच्या मागे चालत जातो आणि हरवतो. त्यास माहुताच्या घरची बाई सांभाळते. त्या बाईच्या कामाबद्दल अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. परंतु तो पंडित शहरातला, विद्वान. त्याचे विस्मरण लोकांस ठळक दिसते, कारण त्याने जे गमावले ते सर्वांस ठाऊक होते. आंध कुटुंबातील ज्या आजीने शेकडो रानभाज्यांची ओळख आणि वेणांच्या वेळचे हातगुण जन्मभर डोक्यात वागविले, तिचे गमावणे मोजावयास कोणाजवळ ग्रंथ नाही.

उपचारांविषयी थोडक्यात सांगावयाचे तर डोनेपेझिल हे औषध १९९६ साली अमेरिकेत मान्य झाले. ते मेंदूतील अ‍ॅसिटिलकोलिन या द्रव्याची उणीव काही अंशी भरून काढते, रोग थांबवीत नाही. २०२३ साली अमेरिकेने लेकॅनेमॅब या औषधास पूर्ण मान्यता दिली. ते अमायलॉइड काढून टाकते आणि ऱ्हासाचा वेग थोडा कमी करते. पण आरंभीच्या अवस्थेतच, शिरेतून द्यावयाचे, मेंदूची छायाचित्रे वारंवार काढून मेंदूत सूज वा रक्तस्राव होत नाही ना हे पाहावयाचे, आणि खर्च फार मोठा. कळमनुरीच्या रोग्यास मोठ्या तपासण्यांकरिता नांदेडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी जावे लागते.

परंतु तेथवर जाण्यापूर्वी तालुक्याच्या गावीही पुष्कळ करता येण्यासारखे आहे, आणि ते सर्वप्रथम करावयाचे असते. विसरणारा प्रत्येक वृद्ध आल्झायमरचा रोगी नसतो. ब जीवनसत्त्वांपैकी बी-बारा कमी पडले, कंठातील थायरॉइड ग्रंथी मंदावली, मन खिन्न झाले, किंवा महिनाभरापूर्वी ओट्यावरून पडून डोक्यात रक्त साचले, तरी मनुष्य स्मृतिभ्रष्ट दिसतो. आणि यांतील बहुतेक कारणे दूर करता येतात. ज्यास ऐकू येत नाही तो उत्तर चुकीचे देतो, ज्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे तो सुनेस ओळखत नाही. नुसते ऐकू येईनासे होणे हेदेखील रोगाचा धोका वाढविते असे आता ठरले आहे. तसेच मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब. म्हणून आधी कान, डोळे, रक्तदाब आणि रक्त तपासावे, मग बुद्धी. स्नायूंसाठी दूध, डाळी, अंडी आणि रोज कोणाच्या तरी सोबतीने शिवारापर्यंतचे चालणे. आणि डॉक्टरपुढे रोग्यास उभे करताना सोबत त्या सुनेस न्यावे, आणि दोन वर्षांपूर्वी आजोबा काय काय आपले आपण करीत होते व आज त्यांतील कोणते करीत नाहीत, हे तिला बाजूला बसवून विचारावे.